नर्सिंगलाही हवे 'डायरेक्ट सेकंड इयर'

इंजिनीअरिंगचा डिप्लोमा पूर्ण केलेला विद्यार्थी पदवीला गेला की त्याला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागत नाही. तो थेट दुसऱ्या वर्षात बसतो. डी. फार्म. झालेल्या मुलीला बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे असते. आयटीआय केलेल्या मुलालाही पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. 'डायरेक्ट सेकंड इयर' हे शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत इतके रुळले आहेत की त्यामागचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जे शिकून झाले ते पुन्हा शिकायला लावू नये, आणि लहान अभ्यासक्रमाने सुरुवात केली म्हणून कोणाची पुढची वाट बंद होऊ नये, एवढेच ते तत्त्व. समाजाचा जीव ज्यांच्या हातात असतो त्या परिचारिकांच्या बाबतीत मात्र आपण ते पाळलेले नाही. दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) अभ्यासक्रम पूर्ण करून, परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून, पुढे पंधरा वर्षे उपकेंद्रात काम केलेल्या बाईला पूर्ण परिचारिका व्हायचे असेल, तर तिला जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पहिल्या वर्षात बारावी झालेल्या मुलींबरोबर बसावे लागते. तिची दोन वर्षे आणि तिची पंधरा वर्षे, दोन्ही हिशेबात धरली जात नाहीत. हा अन्याय तर आहेच, पण त्याहून अधिक तो आरोग्यव्यवस्थेचा तोटा आहे, आणि तो दूर करणे आपल्या हातात आहे.

एएनएम म्हणजे कोण, हे आधी नीट लक्षात घेऊ. सपाट प्रदेशात सुमारे पाच हजार आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. जिल्हा परिषदेच्या भाषेत जिला आरोग्य सेविका म्हणतात, ती त्या उपकेंद्राचा कणा असते. गरोदर बाईची नोंदणी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, बाळाचे लसीकरण, तांबी बसवणे, बाळंतीण आणि नवजात बाळाच्या घरभेटी, क्षयरोग व हिवतापाचे सर्वेक्षण, अलीकडे मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी, आणि या सगळ्याची पोर्टलवर नोंद असा तिचा दिवस असतो. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव थांबवणारे औषध देणे, झटके आलेल्या मातेला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देणे, अशी जोखमीची कामेही केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रशिक्षित एएनएमवर सोपवली आहेत. देशभरात नोंदणी झालेल्या एएनएम नऊ-दहा लाखांच्या घरात आहेत. लसीकरणाचे आकडे असोत की संस्थात्मक प्रसूतीचे, सार्वजनिक आरोग्यातले जे यश आपण अभिमानाने सांगतो, त्याचे हातपाय या बायकांचे आहेत. राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कारांत एएनएमचाही सन्मान होतो. सन्मान व्हायलाच हवा. पण व्यवसायात वर जाण्याचा रस्ता ही सन्मानाची खरी कसोटी आहे, आणि तिथे आपली व्यवस्था कमी पडते.

रस्ता कागदावर आहे, हे मान्य केले पाहिजे. नोंदणीकृत एएनएम जीएनएमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पात्र ठरते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत तिला वयाची अटही नाही. जीएनएम झाली की दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी करून ती पदवीधर होऊ शकते. आता हिशेब करू. दोन अधिक तीन अधिक दोन, म्हणजे सात वर्षे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेली मुलगी तीच पदवी चार वर्षांत मिळवते. हा तीन वर्षांचा फरक बहुतेकदा बुद्धीचा नसतो. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा होती की नाही, याचा असतो. गावात फक्त कला शाखा होती, घरची परिस्थिती बेताची होती, लवकर हाताशी नोकरी हवी होती, म्हणून मुली एएनएमकडे वळतात. सोळाव्या वर्षी शाखा निवडताना पडलेला हा फरक पुढे आयुष्यभर भरून निघत नाही. त्यात एएनएमचा अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी आहे. वयाची अट नाही हे खरे, पण तीन वर्षे पगाराविना, घरसंसार आणि लेकरे सांभाळून, जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी कॉलेजची फी भरून पूर्णवेळ शिकायचे, ही न लिहिलेली अट वयाच्या अटीपेक्षा कठोर आहे. सेवेत राहिली तर आरोग्य सेविकेची आरोग्य सहायिका होते, म्हणजे देखरेखीचे काम वाढते; नोंदणीकृत परिचारिका म्हणून तिला स्थान मिळत नाही.

2018 पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत सुरू झाले, आणि ही कोंडी अधिक स्पष्ट दिसू लागली. या केंद्रांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. आयुर्वेद पदवीधर, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या उमेदवारांना सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम देऊन या पदावर नेमले जाते. कल्पना चांगली आहे. गावपातळीवर अधिक शिकलेला माणूस हवाच. पण त्याच इमारतीत वर्षानुवर्षे काम करणारी, प्रत्येक वस्ती, प्रत्येक जोखमीची माता ओळखणारी एएनएम या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमालाही पात्र नाही. जे शिकायला सहा महिने पुरतील असे शासन मानते, त्यातला मोठा भाग ती रोज करते. तरी तिला त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी आधी तीन वर्षे नव्याने द्यावी लागतात. नव्या पदाने तिच्यासमोर एक पायरी वाढवली, पण त्या पायरीपर्यंत नेणारी वाट बांधली नाही.

परिचारिकेचे शिक्षण वाढल्याने रुग्णाला काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर चांगला अभ्यास झालेला आहे. परिचर्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतली 300 रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेले 4,22,730 रुग्ण यांचा अभ्यास करून 2014 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दर 10 टक्क्यांनी वाढले, तर दाखल झाल्यापासून 30 दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी आढळली. आणि एका परिचारिकेकडे एक रुग्ण जास्त आला की ती शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याआधी 2003 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातील रुग्णालयांवरच्या त्यांच्याच अभ्यासात हाच कल दिसला होता. हे अभ्यास संबंध दाखवतात. कारण आणि परिणाम निर्विवाद सिद्ध करत नाहीत, आणि युरोपातल्या शस्त्रक्रिया विभागाचे आकडे आपल्या ग्रामीण रुग्णालयाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही त्यांतून एक गोष्ट ठामपणे पुढे येते. रुग्णाच्या उशाशी सर्वाधिक वेळ परिचारिका असते. श्वास बदलला, लघवी कमी झाली, नाडी वाढली हे आधी तिला दिसते. दिसलेल्याचा अर्थ लावायला शरीरक्रिया, औषधशास्त्र आणि निर्णयाचे शिक्षण लागते. म्हणून परिचारिकांची संख्या आणि त्यांचे शिक्षण, दोन्ही एकाच वेळी वाढवावे लागते. आधीच सेवेत असलेल्या एएनएमना वर आणणे हा त्यासाठीचा सर्वांत जवळचा मार्ग आहे, कारण त्या या व्यवसायात टिकलेल्या आहेत आणि गावांना त्यांची ओळख आहे.

आता मूळ मुद्दा: एएनएमने जे शिकले आहे, त्यातले किती धरता येईल? दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहिले तर उत्तर सापडते. एएनएमच्या दोन वर्षांत सामुदायिक आरोग्य, पोषण, मानवी शरीराची ओळख, पर्यावरण स्वच्छता, संसर्ग आणि लसीकरण, प्रथमोपचार, बाल आरोग्य, प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन येते. जीएनएमच्या पहिल्या वर्षात सामुदायिक आरोग्य, पोषण, पर्यावरण स्वच्छता आणि प्रथमोपचार पुन्हा येतात. बाल परिचर्या दुसऱ्या वर्षात, तर प्रसूतिशास्त्र आणि सामुदायिक आरोग्याचा पुढचा भाग तिसऱ्या वर्षात येतो. एएनएमला जे कमी पडते तेही तितकेच स्पष्ट आहे: सविस्तर शरीररचना आणि शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसिक आरोग्य परिचर्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वैद्यकीय व शस्त्रक्रिया विभागातली परिचर्या. म्हणून तिला सरळ जीएनएमच्या दुसऱ्या वर्षात बसवणे योग्य होणार नाही. पहिल्या वर्षातले जे विषय तिला खरोखर हवे आहेत, ते त्यात निसटतील. तिच्यासाठी सुमारे दोन वर्षांचा वेगळा सेतू अभ्यासक्रम आखावा लागेल. जे तिला येते त्याची आधी परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण झालेल्या विषयांचे क्रेडिट द्यावे, आणि वाचलेला सगळा वेळ वॉर्डातल्या कामाला आणि मूलभूत शास्त्रांना द्यावा. यात नवे तत्त्व काहीच नाही. जीएनएम झालेली परिचारिका पोस्ट बेसिक बीएस्सी दोनच वर्षांत करते, चार वर्षांत नाही, कारण तिचे आधीचे शिक्षण धरले जाते. बीएस्सी नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम 2021 पासून सेमिस्टर आणि क्रेडिट पद्धतीने चालतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने क्रेडिट साठवण्याची आणि पूर्वीचे शिक्षण मान्य करण्याची भूमिका घेतली आहे. वरच्या मजल्यावर जे तत्त्व मान्य आहे, ते तळमजल्यावर नाकारण्याचे शैक्षणिक कारण सापडत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप दर्जाचा आहे, आणि तो हलक्यात घेऊ नये. अभ्यासक्रम छोटा केला की अर्धवट शिकलेल्या परिचारिका तयार होतील, हजेरीपुरती चालणारी कॉलेजे या नव्या वाटेवर दुकाने थाटतील, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. या भीतीचे उत्तर शेवटच्या परीक्षेत आहे. अमेरिकेत आपल्या एएनएमशी काहीसा मिळताजुळता असा प्रॅक्टिकल नर्सचा वर्ग आहे. तिचे शिक्षण साधारण वर्षभराचे असते. नोंदणीकृत परिचारिका होऊ पाहणाऱ्या प्रॅक्टिकल नर्ससाठी तिथल्या अनेक कॉलेजांत खास सेतू अभ्यासक्रम आहेत, ज्यांत आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट मिळते आणि मुदत कमी होते. पण परवान्याची परीक्षा सर्वांना एकच असते. चार वर्षांची पदवी घेतलेली आणि सेतूवरून आलेली, दोघीही तीच एनक्लेक्स-आरएन देतात. वाट वेगळी असली तरी मोजपट्टी एकच. त्याच देशात एक इशाराही आहे. कॅलिफोर्नियात 30 युनिटांचा शिक्षणक्रम पूर्ण करून, पदवी न घेता परवान्याच्या परीक्षेला बसण्याचा एक पर्याय आहे. पण या मार्गाने मिळालेला परवाना इतर काही राज्ये मान्य करत नाहीत, आणि पुढच्या शिक्षणातही अडचण येते. धडा स्पष्ट आहे. वेळ वाचवावा, पण पूर्ण, सर्वमान्य पात्रता न देणारी चोरवाट काढू नये. आपल्याकडे सेतूवरून आलेल्या एएनएमने जीएनएमच्या मुलींइतकीच अंतिम परीक्षा, त्याच महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे, त्याच प्रश्नपत्रिकेवर द्यावी. आणि हा अभ्यासक्रम केवळ अशाच संस्थांना द्यावा ज्यांच्याकडे स्वतःचे किंवा संलग्न मोठे रुग्णालय आहे. रुग्णांविना परिचर्या शिकवता येत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे: सहायक परिचारिका हा स्तरच मोडीत काढावा, सगळ्याच परिचारिका पदवीधर असाव्यात, मग सेतूची गरजच उरणार नाही. ब्रिटनने हा प्रयोग केला. 1943 च्या कायद्याने तिथे कमी शिक्षणाच्या परिचारिकांची वेगळी यादी तयार झाली. त्यांना पुढे एनरोल्ड नर्स म्हणत. 1986 च्या 'प्रोजेक्ट 2000' योजनेने परिचर्या शिक्षणाची नवी घडी घातली आणि त्या स्तराचे प्रशिक्षण थांबत गेले. ज्या आधीच सेवेत होत्या, त्यांना नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी रूपांतर अभ्यासक्रम द्यावे लागले. पण कामाची गरज संपली नाही, आणि 2019 मध्ये इंग्लंडने नर्सिंग असोसिएट हा नवा नोंदणीकृत स्तर आणला. या वेळी मात्र त्यांनी नोकरीत राहून, आधीच्या शिक्षणाचे श्रेय घेऊन, कमी मुदतीत पूर्ण परिचारिका होण्याची वाटही उपलब्ध करून दिली. आपल्याकडेही काही वर्षांपूर्वी जीएनएम बंद करून फक्त पदवी ठेवावी अशा हालचाली झाल्या होत्या. मधला स्तर काढून टाकणे कागदावर सोपे असते. पण एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या उपकेंद्रांना लागणारे मनुष्यबळ कोठून येणार, याचे उत्तर त्यात नसते. स्तर राहणारच असतील, तर माणूस एका स्तरातून दुसऱ्या स्तरात जाऊ शकला पाहिजे, हेच महत्त्वाचे ठरते.

तिसरा आक्षेप जाणकारांकडून येतो. एएनएम ही गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, रुग्णालयातली परिचारिका नाही. तिचे काम निराळे आहे, मग तिला परिचारिका बनवण्याचा हट्ट का? शिवाय, तिचे वैद्यकीय कौशल्य आज पुरेसे राहिलेले नाही, असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे. 1973 च्या कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कार्यकर्त्याची कल्पना मांडली, आणि तिथून एएनएमचे काम लसीकरण, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण आणि नोंदी यांकडे सरकत गेले. प्रसूती आणि परिचर्येचा भाग आकसत गेला. पण हा युक्तिवाद सेतूच्या विरोधात जात नाही. कौशल्य पुसट झाले असेल, तर ते मोजणारी प्रवेशपरीक्षा आणि ते वाढवणारे वॉर्डातले शिक्षण, हेच त्यावरचे औषध आहे. आणि प्रत्येक एएनएमने परिचारिका व्हावे असे कोणीच म्हणत नाही. जिला गावातले काम आवडते तिने तिथेच सन्मानाने राहावे. पण जिला पुढे जायचे आहे तिच्यासमोर भिंत नसावी. शिवाय, पूर्ण परिचारिका झालेली एएनएम गाव सोडूनच जाईल असेही नाही. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तिच्याइतकी योग्य व्यक्ती सापडणे कठीण आहे: वस्ती माहीत असलेली, बोली बोलणारी, आणि आता शास्त्र शिकलेली.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे. एएनएम शिकायला गेल्या तर उपकेंद्रे ओस पडतील, आणि शिकून झाल्यावर त्या शहरात किंवा परदेशात जातील. पहिल्या भागाचे उत्तर नियोजनात आहे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून ठरावीक संख्येनेच एएनएमना पाठवावे, त्यांच्या जागी प्रशिक्षण पूर्ण करून नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या मुली कंत्राटी तत्त्वावर नेमाव्यात, आणि जिल्हा रुग्णालयांत सलग काही महिन्यांच्या टप्प्यांत शिक्षण द्यावे, म्हणजे मध्ये कामावर परतता येईल. दुसऱ्या भागाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने बराच विचार केला आहे. दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकावेत यासाठी संघटनेने 2010 मध्ये शिफारशी दिल्या आणि 2021 मध्ये त्या सुधारल्या. ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणे, शिक्षण त्यांच्या भागाजवळ ठेवणे आणि तिथेच राहून बढती मिळवण्याची सोय करणे, यांवर त्यांचा भर आहे. आपल्या एएनएम या सगळ्या कसोट्यांवर उतरतात. ज्या बाईचे घर, शेत, मुलांची शाळा तालुक्यात आहे, ती पूर्ण परिचारिका होताच विमानात बसेल याची शक्यता विशीतल्या मुलीपेक्षा कितीतरी कमी. शिक्षणाचा खर्च शासनाने केला असेल, तर काही वर्षे राज्यात सेवा देण्याचा बंध घालणेही न्याय्य ठरेल. कोणी गेलीच, तर तो तिचा हक्क आहे. डॉक्टर आणि इंजिनीअर परदेशी जातात म्हणून आपण त्यांची महाविद्यालये बंद करत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. शिकण्याच्या काळात पगार, बदली कर्मचारी आणि शिक्षक यांचा खर्च येईल. पण तो कोणत्या खर्चाच्या जागी येतो हेही पाहिले पाहिजे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात 157 नवी नर्सिंग महाविद्यालये उभारण्यासाठी 1,570 कोटी रुपयांची योजना मंजूर केली; दरवर्षी सुमारे 15,700 पदवीधर परिचारिका मिळाव्यात हा हेतू आहे. इमारत, वॉर्ड आणि शिक्षक एकत्र असणारी अशी महाविद्यालये सेतू अभ्यासक्रमासाठी उत्तम ठिकाण आहेत, आणि त्यांतल्या काही जागा सेवेतल्या एएनएमसाठी राखून ठेवायला वेगळी इमारत लागत नाही. सेवेतल्या कर्मचाऱ्याला शिक्षणासाठी जागा राखणे ही कल्पनाही नवी नाही. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात सेवेतल्या डॉक्टरांसाठी जागा ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केले, आणि महाराष्ट्राने 2022 मध्ये शासकीय व महापालिका महाविद्यालयांतल्या 20 टक्के जागा त्यांच्यासाठी ठेवल्या. ग्रामीण भागात राबलेल्या डॉक्टरला पुढे शिकण्याची संधी देणे राज्याच्या हिताचे आहे, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. त्याच आरोग्य केंद्रात, त्याच डॉक्टरच्या हाताखाली राबलेल्या एएनएमला हा विचार लागू होत नाही, हे कोणत्या तर्काने सांगायचे? तिलाही त्याच मापाने मोजायला हवे.

एका अडचणीकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. एएनएमचे काम मराठीत चालते. पुढच्या शिक्षणाची पुस्तके आणि औषधांची परिभाषा इंग्रजीत. वयाच्या पस्तिशीत परत वर्गात बसणाऱ्या बाईला शास्त्र नंतर अडते, आधी भाषा अडते. त्यामुळे सेतूच्या सुरुवातीला काही महिन्यांचा तयारी वर्ग हवा. त्यात औषधांची आणि अवयवांची इंग्रजी नावे, केसपेपर वाचणे, नोंदी लिहिणे आणि मूलभूत गणित, म्हणजे डोस आणि सलाइनचा वेग काढणे, हे नीट शिकवले जावे. महाराष्ट्राला हे परके नाही. रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात 1909 मध्ये सुरू केलेल्या सेवासदनाने शाळेपासून दूर राहिलेल्या प्रौढ आणि विधवा स्त्रियांसाठी आधी शिक्षणाचे वर्ग चालवले, आणि त्यांतून पुढे परिचारिकेच्या प्रशिक्षणाची वाट काढली. उशिरा शिकायला आलेल्या बाईला सवलतीची नाही, तयारीची गरज असते, हे त्या काळच्या समाजधुरिणांना उमगले होते. शंभर वर्षांनंतर, साधने कितीतरी वाढलेली असताना, आपण त्यांच्यापेक्षा कमी करावे हे शोभणारे नाही.

करायचे काय, हे यातून पुरेसे स्पष्ट होते. राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा 2023 मध्ये संमत झाला; 1947 च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला गेला, आणि शिक्षणाचे मापदंड ठरवण्याचे काम त्याने नव्या आयोगाकडे दिले. मापदंड नव्याने लिहिले जाण्याची ही वेळ आहे, आणि एएनएम ते नोंदणीकृत परिचारिका हा सेतू त्यांत पहिल्यापासून असला पाहिजे: विषयवार परीक्षा घेऊन क्रेडिट, सुमारे दोन वर्षांचा रुग्णालयाधारित अभ्यासक्रम, आणि सर्वांना एकच अंतिम परीक्षा. सेवाकाळात घेतलेल्या प्रशिक्षणांचे, मग ते सुरक्षित प्रसूतीचे असो की नवजात बाळाच्या आजारांचे, क्रेडिट धरण्याची तरतूदही त्यात हवी. आज या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे फाइलमध्ये पडून राहतात. राज्य शासनाने आयोगाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. सवेतन अध्ययन रजा, शासकीय जीएनएम शाळांत सेवेतल्या एएनएमसाठी राखीव जागा, फी माफी, तयारी वर्ग आणि कंत्राटी एएनएमनाही या सगळ्यात समान हक्क, हे निर्णय राज्याच्या अखत्यारीतले आहेत. एखाद्या आदिवासीबहुल जिल्ह्यात, नंदुरबार किंवा गडचिरोलीत, पहिली तुकडी सुरू करून निकाल जाहीर करावेत. उत्तीर्ण होण्याचे प्रमाण, सेवेत टिकण्याचे प्रमाण आणि उपकेंद्रातल्या सेवांवर झालेला परिणाम लोकांसमोर ठेवावा. ज्यांना दर्जाची शंका आहे त्यांना या आकड्यांवरून उत्तर मिळेल, आणि दोष आढळले तर दुरुस्त करता येतील. शिकण्याची इच्छा असलेली, अनुभवाने पिकलेली, गावात राहणारी हजारो माणसे आपल्याकडे आज तयार आहेत. त्यांच्या शिक्षणावर केलेला खर्च गावच्या दवाखान्यात सर्वांत आधी परत मिळेल, म्हणून पुढच्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद झालीच पाहिजे.